मदत हवी आहे: सामोआच्या एले ओपेलोजेबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीत वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलींसाठी मी सामोआ या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाची वेटलिफ्टर एले ओपेलोजे हिच्यावर भित्तीपत्रक करतेय. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलोवरील गटात तिनं एकूण २६९ किलो उचललं. कांस्य २७० ला गेलं. एका किलोनं! पुढे जुने नमुने पुन्हा तपासले, तिच्या पुढच्या दोघी उत्तेजकांमुळे बाद झाल्या आणि २०१६ मध्ये रौप्य तिच्या नावावर झालं. सामोआचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. आठ वर्षं उशिरा मिळालं, याचं मला फार वाईट वाटतं. व्यासपीठावर उभं राहायचा तो क्षण तिचा हक्काचा होता.

आमच्यातली एक मुलगी परवा जिल्हा स्पर्धेत अशीच एका किलोनं हुकली. हाताची पावडरसुद्धा न पुसता कोपऱ्यात बसून राहिली. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

२०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत एलेनं सुवर्ण जिंकलं होतं. तेव्हा जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर कुणी प्रेक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून होतं का? आठवण, फोटो, मराठी पेपरातलं कात्रण, काहीही चालेल. आणि 'स्नॅच' (वजन एका झटक्यात थेट डोक्यावर) आणि 'क्लीन अँड जर्क' (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) या दोन प्रकारांना तुमच्याकडे मराठीत काय म्हणतात, तेही कृपया सांगा.