पॅडवाली सायकल शॉर्ट घ्यायची आहे, रामटेकपर्यंत बसता आलं पाहिजे

त्रिमूर्तीनगर_पहाट

नमस्कार. माझं वय ५१, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल चालवते, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायची सायकल शर्यत (रेस अक्रॉस अमेरिका) एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हा पेपरात वाचलं होतं. तेव्हापासून सायकल मनात होती, घेणं मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी जमलं. रोज पहाटे सव्वापाचला निघते. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि घरी परत, सतरा-अठरा किलोमीटर होतात. साध्या ट्रॅक पँटवर जात होते, कधी त्रास झाला नाही.

आता आम्ही चौघींनी रामटेकला जायचं ठरवलंय. माझ्या घरून एका बाजूने पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतं. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर यात्रेची गर्दी असते, म्हणून तिच्या आधीचा रविवार धरलाय. सराव म्हणून गेल्या रविवारी कामठीवरून कन्हानच्या पुलापर्यंत गेलो. कामठीपर्यंत काही वाटलं नाही. पुलावर उतरले तेव्हा बसायच्या दोन्ही हाडांखाली ठणकत होतं, आणि परत येताना मांडीच्या आतली कातडी सोलवटली. पुढचे दोन दिवस मी सगळे तास उभं राहून घेतले, कारण खुर्चीवर टेकताच येत नव्हतं.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. आधी सीटवर घालायचं जेलचं मऊ कव्हर आणलं. त्याने दुखणं वाढलं. मग पॅडवाली शॉर्ट ऑनलाइन मागवली. माझा कुर्ता एल लागतो म्हणून एल घेतली. पॅड बोटभर जाड, त्यातही जेल. मला वाटलं, जितकं जाड तितकं बरं. पण पॅड्ल मारताना ते पॅड आत सरकतं, मागे गोळा होतं, आणि सीटवरून उतरलं की ओलं फडकं बांधल्यासारखं वाटतं. आत नेहमीची सुती निकर घातली होती. मग दुकानात गेले. तिथल्या मुलाने "मॅडम, सगळ्या सारख्याच असतात" म्हणून सांगितलं. घालून पाहू का विचारलं, तर नाही म्हणाला.

तेव्हा विचारायचं असं की, पॅड जाड घ्यायचं की पातळ? जेल की फोम? बायकांचं पॅड खरंच वेगळं असतं का? खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट घेतली तर वाटेत बाथरूमला जायचं कसं? आणि नुसती शॉर्ट घालून मी शाळेच्या रस्त्याने जाणार नाही. माझे विद्यार्थी त्याच रस्त्याने शिकवणीला जातात. तर वरून काय घालावं? बजेट दोन हजार, फार तर अडीच.

अजून एक. माझे बाबा महालातून रामटेकला सायकलने जायचे. चोवीस इंची काळी सायकल, अंगात लेंगा. दर्शन घेऊन संध्याकाळी घरी. दुखलं असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मग मला काहून दुखतं?

मशीन_इतवारी

ताई, मी ३४ वर्षांपासून शिवणकाम करतो. त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं खेळाचे कपडे, कबड्डी, स्केटिंग, सायकलिंगचे. तुमचं वाचून राहवलं नाही.

आधी बाबांचं. त्यांची सायकल आणि तुमची सायकल यांत बसणंच वेगळं. काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो. खाली रुंद चामड्याची सीट, तिला मागे स्प्रिंगा. सगळं वजन दोन हाडांवर, आणि ती हाडं सीटच्या रुंद भागावर. चामडं वापरून वापरून बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबतं, त्याला जागा होते. चालही संथ. हायब्रिडवर तुम्ही पुढे वाकता, सीट अरुंद, पाय मिनिटाला कितीतरी जास्त वेळा फिरतात. तेवढं घासणं वाढलं. बाबांच्या वेळेला ही शॉर्ट लागतच नव्हती.

आता जेल. हाडाखाली मऊ काही ठेवलं की हाड त्यात बुडतं, आणि बाजूचा नाजूक भाग वर उचलला जाऊन वजन घेऊ लागतो. ताई, तुम्ही मऊवर मऊ ठेवून राहिल्या, सीटवर कव्हर आणि अंगात जाड पॅड. कव्हर आजच काढून टाका. पॅडमध्ये जाडीपेक्षा फोमचा घट्टपणा पाहायचा. दुकानात पॅड अंगठा आणि बोटात धरून जोरात दाबा. पलीकडचं बोट लगेच हाडासारखं लागलं, तर तो फोम तासाभरात दबून सपाट होणार. हाडाच्या जागी घट्ट, कडेला पातळ होत गेलेला, असा दोन घट्टपणांचा फोम चांगला. जेल गरम होतं, घाम सोडत नाही. आपल्या नागपुरात मार्चपासून ते नकोच, हे माझं मत.

शॉर्ट उलटी करून आतून पाहा. कोणी करत नाही, पण खरी परीक्षा तिथेच. साधी ओव्हरलॉकची शिलाई आत दोरीसारखी उभी राहते. मांडी एका तासात हजारो वेळा वरखाली होते, तेवढ्या वेळा ती दोरी घासते. फ्लॅटलॉकची शिलाई कापडाला चपटी बसते. डोळे मिटून बोट फिरवा, बोट अडलं तर ठेवून द्या. पॅड एकाच तुकड्याचं साच्यात दाबलेलं असावं. बसायच्या जागी मधोमध जोड नको. कड ब्लेडसारखी पातळ हवी, कारण जाड कडच मांडीला काचते.

मग तुकडे किती ते मोजा. चार तुकड्यांत शिवलेली शॉर्ट नळीसारखी होते. सहा किंवा आठ तुकड्यांची वाकलेल्या अंगाला बसते. म्हणून ती घालून आरशासमोर ताठ उभं राहू नका. ताठ उभं राहिलं की पुढे खेचल्यासारखी वाटणारच. खुर्चीच्या पाठीला हात टेकून सायकलवर वाकतो तसं वाका आणि गुडघा वर घ्या. पॅड अंगाला चिकटून राहिलं पाहिजे, आसनात पोकळी नको. दोन्ही हातांनी कापड ताणून उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर कापड हलकं.

आणि साइज. कुर्त्याचं एल छातीवरून ठरतं, ताई! शॉर्टला कंबर, नितंब आणि मांडीचा घेर लागतो. टेपने मोजा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा, दोन साइजच्या मध्ये आलात तर लहान घ्या. सैल शॉर्टमध्ये पॅड सरकणारच, तुमचं तेच झालं.

एक जुनी गोष्ट. या पॅडला शॅमी म्हणतात, ते युरोपातल्या एका डोंगरी शेळीसारख्या जनावराचं नाव. पूर्वी त्याचं मऊ कातडं लोकरी चड्डीत शिवत. धुतलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळत. कातडं गेलं, फोम आला, नाव आणि मलम दोन्ही राहिले.

ब्रेव्हेवाली_धरमपेठ

मशीनवाल्या काकांनी शॉर्टचं सगळं सांगितलंच आहे, मी बायकांचं सांगते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवावी लागते. मी अशा तीन केल्यात, आणि पहिलीत चुकीच्या कपड्यांमुळे काय होतं ते भोगलंय.

ताई, पहिली गोष्ट, आत निकर घालायची नाही. अजिबात नाही. तुमची कातडी सोलवटायचं मुख्य कारण मला तेच वाटतं. सुती कापड घाम धरून ठेवतं, त्याच्या कडेची शिलाई बरोबर मांडीच्या सांध्यात येते. पॅड थेट अंगाला लागायलाच बनवलेलं असतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, विचारायचा संकोच होता. तुमच्या तिघी मैत्रिणींनाही सांगा, त्याही विचारणार नाहीत.

बायकांचं पॅड वेगळं असतं, आणि घ्यावं. आपली बसायची हाडं साधारण जास्त अंतरावर असतात, म्हणून पॅड मागे रुंद आणि लांबीला कमी लागतं. पुरुषांच्या पॅडचा घट्ट भाग आपल्या हाडांच्या आतल्या बाजूला पडतो. अंतर घरी मोजता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसून थोडं पुढे वाका, टाचा उचला. दोन खळगे उमटतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सीटची रुंदी या अंतरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त असावी. सीटच अरुंद असेल तर शॉर्ट काही करू शकत नाही.

बिबने पोटावर इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागेवर राहतं. पण वाटेतल्या ढाब्याच्या बाथरूममध्ये टी-शर्ट काढून पट्टे उतरवायला मला नको वाटतं. मागून उघडणाऱ्या बायकांच्या बिब मिळतात, त्या तुमच्या बजेटच्या पलीकडे जातील. तुम्ही रुंद, उंच कमरेची शॉर्ट घ्या. वरून पातळ नायलॉनची सैल थ्री-फोर्थ चालते. मी शहरातून जाताना तीच घालते, कोराडी नाका ओलांडला की काढून बॅगेत टाकते. आसनात जाड जोड असलेली मात्र नको, नाहीतर त्याचाच वळ उठतो.

निघायच्या आधी घासणाऱ्या जागी क्रीम लावा. काही क्रीममध्ये मेंथॉल असतं, ते आपल्याला झोंबतं. डब्यावर वाचून घ्या. पन्नास किलोमीटरला मी नुसतं खोबरेल लावते. व्हॅसलीन पॅडमधून धुतलं जात नाही, ते टाळा. पोचल्यावर चहाच्या आधी शॉर्ट बदला. ओल्या पॅडमध्ये तासभर बसलं की केसतोड होतो. झाला तर दाबायचा नाही, सायकल बंद ठेवायची. वाढला किंवा ताप आला तर डॉक्टर. आणि बधिरपणा आला तर तो दुखण्यासारखा सोसत बसू नका. तिथे नस दबतेय, सीट बदलायला हवी.

धुताना उलटी करून, गार पाण्यात, साध्या साबणाने. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने कापड घाम शोषणं सोडतं. वाळत घालायची सावलीत. आपलं मे महिन्यातलं गच्चीवरचं ऊन लायक्राला, म्हणजे शॉर्टच्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याला, खाऊन टाकतं.

हिंगणा_रोड

बिबबद्दल माझं मत वेगळं आहे, एकदा घातली की साधी शॉर्ट नको वाटते. पण ताईंच्या कामासाठी वरचं बरोबर. अडीच हजारांत एक भारी घेण्यापेक्षा बाराशेच्या दोन बऱ्या घ्या, असंही कोणी सांगेल. ऐकू नका. आठवड्यातून एकच लांब राइड असेल तर एक चांगली पुरते, रात्री धुतली की सकाळपर्यंत वाळते.

त्रिमूर्तीनगर_पहाट

तुम्हा सगळ्यांची खूप आभारी आहे. सोळा दिवसांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पुठ्ठ्यावर मोजलं, १३ सेंटिमीटर भरलं. माझी सीट १४ ची. सायकलवाल्याकडून १५.५ ची बसवून घेतली, आणि जेलचं कव्हर काढून टाकलं. शॉर्ट तिसऱ्या दुकानात मिळाली. त्या दुकानातल्या मुलीने स्वतःहून ट्रायल रूम दाखवली. मी काकांनी सांगितलं तसं प्रत्येक शॉर्ट उलटी करून बोट फिरवलं. पाचांपैकी तिघींत बोट अडलं. घेतली ती सहा तुकड्यांची, बायकांच्या पॅडची, आणि टेपने मोजल्यावर साइज एम निघाली. २,२०० रुपये पडले. घरात घालून उभी राहिले तेव्हा पुढे ओढल्यासारखी वाटली, वाकल्यावर बसली.

काल पुन्हा कन्हान. पुलावर थांबून आम्ही चौघींनी डब्यातले पोहे खाल्ले आणि मी कठड्यावर टेकून बसले, हे लिहिताना मला बरं वाटतंय. हाडं दुखली नाहीत. निकरचं मैत्रिणींना सांगितलं, दोघींनी लगेच ऐकलं, तिसरी विचार करते म्हणाली.

फक्त उजव्या मांडीत आतून एक रुपयाएवढी जागा लाल झालीय. डावीकडे काहीच नाही. शॉर्ट तीच, पॅड तेच, मग एकाच बाजूला काहून? त्रिपुरीला बारा दिवस उरलेत.

मशीन_इतवारी

ताई, शॉर्टचा जोड दोन्ही बाजूंना सारखाच असतो. उलटी करून उजवीकडे पॅडची कड दुमडली आहे का तेवढं पाहा. दुमडलेली नसेल तर कपड्याचा दोष नाही.

ब्रेव्हेवाली_धरमपेठ

मला सीटची उंची वाटते. नवी सीट बसवताना ती थोडी वर गेली असेल. जाडीला सीट वेगळी असली की तेवढा फरक पडतो. सीट उंच असली की पॅड्ल खाली जाताना कंबर एका बाजूला झुकते आणि तीच मांडी घासते. मैत्रिणीला मागून सायकल चालवायला सांगा, कंबर डुलते का तिने पाहायचं. डुलत असेल तर तीन-चार मिलिमीटर खाली घ्या, एकदम नाही. सीटचं टोक मधल्या दांड्याच्या रेषेत सरळ आहे का तेही पाहून घ्या. नट सैल करायच्या आधी सीटच्या दांडीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, म्हणजे चुकलं तरी आत्ताची उंची परत सापडेल.