मदत हवी आहे : ‘वर्ल्ड ऑफ गू’मधला मनोरा कलतोय

मंडळी, नमस्कार. मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. पुतण्या सातवीत आहे, त्याला सुट्टी लागल्यापासून आम्ही दोघं ‘वर्ल्ड ऑफ गू’ खेळतोय. कायल गॅबलर आणि रॉन कार्मेल यांच्या छोट्याशा ‘टूडी बॉय’ कंपनीने २००८ साली आणलेला हा व्हिडिओ गेम. चिकट गोळे जोडून पूल, मनोरे बांधायचे आणि उरलेले गोळे पाइपापर्यंत पोचवायचे. लई देखणा गेम आहे, अजूनही.

अडलोय ते मनोऱ्यावर. प्रत्येक लेव्हलमधले जास्तीचे गोळे जमवून जिथं उंचच उंच बांधत जायचं, तिथं आमचा मनोरा थोडा वर गेला की डुलायला लागतो आणि एका बाजूला झोपतो. पाया रुंद केला, सगळीकडे त्रिकोणच ठेवले, तरी तेच. मधे पोकळी सोडून कडेनं बांधायचं का? की वर जाताना निमुळतं करायचं? आणि बांधकामावर फिरणाऱ्या मोकळ्या गोळ्यांचं वजन कितपत धरायचं?

दुसरं, दरीवरचा पूल पुढं सरकला की टोक खाली वाकतं. मागच्या बाजूला वजन वाढवतो, पण त्यातच गोळे संपतात. हिरवे गोळे सोडवून परत वापरता येतात, काळे नाहीत, त्यामुळं चूक महागात पडते.

परवा पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी बघून पोरगं विचारत होतं, “काका, हा का वाकत नाही?” मला नीट सांगता आलं नाही. कुणी सिव्हिलवाले असतील तर तेही सोप्या मराठीत सांगा. पोराला खरंच गोडी लागलीय.