ट्रान्स फॅट ० ग्रॅम, तरी घटकांत हायड्रोजनेटेड तेल?

प्रश्न
बिस्किटाच्या पुड्यावरच्या तक्त्यात ट्रान्स फॅट ० ग्रॅम आहे, पण घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ आहे. खरं काय मानायचं? आणि त्याऐवजी काय घ्यावं?

प्रतिसाद १
यादी खरी माना. अमेरिकेच्या नियमात एका सर्व्हिंगमध्ये (पुड्यावर दिलेलं एका वेळचं माप) ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापता येतं. समजा, सर्व्हिंग ३ बिस्किटांचं आहे आणि त्यात ०.४ ग्रॅम आहे. १२ बिस्किटं खाल्ली की १.६ ग्रॅम पोटात गेलं, तक्त्यात मात्र शून्यच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात साधारण २.२ ग्रॅम. म्हणून आधी सर्व्हिंगचं माप वाचा.

प्रतिसाद २
‘अंशतः’ या शब्दावर बोट ठेवा. पातळ तेल घट्ट करायला त्यात हायड्रोजन सोडतात. ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की तेलाच्या रेणूत उरलेल्या दुहेरी बंधांपैकी (कार्बन अणूंमधल्या दुहेरी जोडांपैकी) काहींची रचना बदलून ते ट्रान्स होतात; तेच ट्रान्स फॅट. पूर्ण केली तर ट्रान्स जवळजवळ उरत नाही, पण संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) वाढते. नुसतं ‘हायड्रोजनेटेड’ लिहिलं असेल तर मी अंशतः धरूनच पुडा परत ठेवा म्हणेन. ट्रान्स फॅट एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं, शिवाय एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घटवतं. मार्जरीन, केकवरचं तयार क्रीम, कॉफी क्रीमर, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न, पापुद्र्यांची पेस्ट्री यांच्या याद्या आधी तपासा. पापुद्रे सुटायला घट्ट चरबीच लागते.

प्रतिसाद ३
‘ट्रान्स फॅट फ्री’ वाचून लगेच खूश होऊ नका. त्या जागी बरेचदा पाम तेल येतं आणि त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. १०० ग्रॅममागे संपृक्त चरबी बघा: ब्रिटनच्या लेबलपद्धतीत ५ ग्रॅमच्या वर म्हणजे जास्त, १.५ पर्यंत कमी. सूर्यफूल, कॅनोला किंवा ऑलिव्ह तेलाचे क्रॅकर्स, मीठ न लावलेले भाजलेले दाणे चांगले. पॉपकॉर्न तर घरीच करा: १ मोठा चमचा तेल, ३ मोठे चमचे मका, मध्यम आंच. झाकण किंचित कलतं ठेवा, नाहीतर वाफ कोंडून लाह्या चिवट होतात. दोन फुटण्यांत २ सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद.

प्रश्नकर्ता
चीजमध्ये घटक फक्त दूध, मीठ, विरजण. तरी ट्रान्स फॅट दाखवलंय?

प्रतिसाद २
ते नैसर्गिक. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, म्हणून दुधाच्या चरबीत थोडं असतंच. त्यासाठी चीज सोडू नका, पण २.२ ग्रॅमच्या हिशेबात तेही धरा.