फ्रान्समधल्या आल्सासचा कॉमिकवाला किल्ला: ६० युरोत, एका दिवसात जमेल का?

चिंगी_कार्ल्सरूह: मंडळी, झाक मार्तांचं 'ला ग्रांद मनास' (पत्रकार नायक लफ्रांचं पहिलं कॉमिक, १९५२ साली टिनटिन साप्ताहिकात सुरू झालेलं) लेकाने उलटून उलटून खिळखिळं केलंय. त्यातला ओ-कोनिग्सबूर किल्ला खराच आहे हे कळल्यापासून भुणभुण चालू. मार्तां मूळचा स्ट्रासबूर्गचा, म्हणजे जवळचाच डोंगर उचलला त्याने. दोघांना ६० युरोत जमेल? जर्मनीतल्या कार्ल्सरूहहून निघणार, कार नाही.

बापूसाहेब: कार भाड्याने घ्या, सुटसुटीत. आम्ही सातआसनी घेतली होती, वाटेत वाइनही घेतली.

चिंगी_कार्ल्सरूह: बापूसाहेब, ६०!

खादाड_बोका: टिनटिनवरून आठवलं, फ्रान्समधल्याच शव्हेर्नीच्या वाड्याला जा. टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक, त्याचा वाडा तोच, फक्त टिनटिनकार एर्जेने दोन्ही टोकांचे भाग उडवले.

निवांत: शव्हेर्नी कुठे, कार्ल्सरूह कुठे! शिवाय ते १७व्या शतकातलं.

तटबंदी: ओ-कोनिग्सबूर तरी कुठे मध्ययुगीन? १६३३ला स्वीडिश फौजेने ५२ दिवस वेढा घालून जाळला. आता दिसतो तो १९०० ते १९०८मध्ये वास्तुविशारद एबहार्टने जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मसाठी उभारलेला.

निवांत: मूळ १२व्या शतकातलं आहे हो. कॉमिकवाल्याने काय पावती मागायची होती?

तटबंदी: मधला बुरुज चौकोनी होता की गोल, यावरही तेव्हा भांडणं झाली. रायगडावर असं कोणी केलं तर चालेल?

खादाड_बोका: झालं, धागा रायगडावर चढला.

सुमाआत्या: अगं, कार्ल्सरूहहून स्ट्रासबूर्गमार्गे सेलेस्ताला उतर, तिथून शटल बस आहे. पण ती सगळे महिने रोज नसते, आधी बघ. आम्ही न बघता गेलो आणि स्टेशनवर केळी खात बसलो. वर ७५७ मीटर, जूनमध्येही वारा झोंबतो. कॉमिक सोबत घे, मोठ्या बुरुजावर तोफांपाशी बसून तट जुळवून बघा. डबा घरचा.

बापूसाहेब: पायी मात्र चढू नका. माझा गुडघा अजून बोलतो.

निवांत: बसला +१. आत्या म्हणाल्या तेच, जॅकेट घ्या.

चिंगी_कार्ल्सरूह: सगळ्यांचे आभार. सेलेस्तापर्यंत ट्रेन, पुढे पायथ्याच्या ओर्शविलेर गावाहून पायीच चढणार. लेक म्हणतो, लफ्रां शटलची वाट बघत बसला असता तर कॉमिकमधल्या खलनायक बोर्गने पॅरिस उडवलं असतं. डबा थालीपिठांचा.