मदत हवी आहे: टीबीच्या गोळ्या, वाढलेला एसजीपीटी, कोड कोणता?

भाऊ-ताईंनो, दारव्ह्याकडच्या खेड्यात बसून मेडिकल कोडिंग (डॉक्टरांच्या नोंदीतल्या आजारांना ठरलेले कोड देणं) शिकून राहिलो. आमच्याकडे लाईट गेली की नेटही जाते, म्हणून सरांऐवजी इथंच विचारतो.

सरावाची केस अशी: ओपीडीचा पेशंट, फुप्फुसाचा टीबी, गोळ्या सुरू. लिव्हरचे दोन एन्झाइम: एसजीपीटी १४०, एसजीओटी ११०. डॉक्टरांचा शेरा: "लिव्हर एन्झाइम वाढलेले, बहुधा औषधामुळे." (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, त्यामुळं शंका रास्तच.)

मी ए१५.० (फुप्फुसाचा टीबी) सोबत आर७४.०१ दिला. अमेरिकी कोडयादीत, म्हणजे आयसीडी-१०-सीएममध्ये, ऑक्टोबर २०२० पासून तो याच दोन एन्झाइमसाठी आहे. के७१ (औषधामुळं झालेला लिव्हरचा आजार) मुद्दाम टाळला, कारण ओपीडीत "बहुधा" लिहिलेलं निदान कोड करत नाहीत. मैत्रीण म्हणते आर९४.५ (लिव्हरच्या तपासणीत बिघाड, एवढंच) दे. मला नाही पटत बाप्पा! एन्झाइमचं नाव समोर असताना एवढा मोघम कोड कायले?

अडलंय ते टी३७.१एक्स५ए वर. औषधाच्या दुष्परिणामाचा हा कोड जोडायचा, की "बहुधा" त्यालाही आडवं येतं? डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवावी का? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगा, आणि नियमावलीतला मुद्दा कुठं आहे तेही.