अनुभव धागा: २०२४ चे रॅप, पॉप आणि रॉक अल्बम सलग ऐकताना

एरवी सुटी गाणी ऐकणाऱ्याने अख्खा अल्बम ऐकायला घेतला की कुठे अडतं, काय नव्याने हाती लागतं आणि फोनमध्ये कोणती सेटिंग बदलावी लागते, ते इथे लिहा. अल्बम २०२४ चे धरूया. नुसतं ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ नको. कोणतं गाणं, कितवं मिनिट, कशावर ऐकलं तेही येऊ द्या.

खर्जप्रेमी

आधी कशावर ऐकताय ते बघा. रॅपमधला खोल खर्ज, ज्याला ८०८ म्हणतात, तो साधारण ४० ते ६० हर्ट्झवर असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून इतकं खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ हा अल्बम फोनवर लावून ‘नुसती बडबड आहे’ म्हणणाऱ्याने निम्मा अल्बम ऐकलेलाच नसतो.

कानात बसणारे इअरफोन असतील तर ते बोटाने हलकेच आत दाबून बघा. दाबल्याबरोबर खर्ज वाढला, तर रबरी टिप लहान पडते आहे. एक माप मोठी लावा. इक्वलायझरमध्ये बेस वाढवून हे सुटत नाही, कारण फट तशीच राहते आणि वरचे आवाज तेवढे गढूळ होतात. ब्लूटूथ हेडफोन लॅपटॉपला जोडला आणि गाणं जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं वाटलं, तर एखादं मीटिंगचं ॲप मायक्रोफोन धरून बसलेलं असतं. ते पूर्ण बंद केलं की आवाज सुधारतो.

आता ‘जीएनएक्स’बद्दल. २२ नोव्हेंबर २०२४ ला कसलीही पूर्वसूचना न देता आला. १२ गाणी, पाऊण तासाच्या आत संपतो. नाव १९८७ च्या ब्यूइक गाडीवरून घेतलंय, केंड्रिकचा जन्मही त्याच वर्षीचा. पहिलाच आवाज मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) गायिका डेयरा बारेरा हिचा, स्पॅनिशमध्ये, आणि पुढे आणखी दोन गाण्यांत ती परत येते. लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांतले, बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले रॅपर त्याने सोबत घेतलेत. नव्या श्रोत्याने त्याच्या २०२२ च्या अल्बमपासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. तो १८ गाण्यांचा आणि मनाने फार जड आहे. ‘जीएनएक्स’ आधी, तो नंतर.

तालमात्रा

वरच्यात भर. रॅप कळत नाही म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेकदा शब्दांत नसतो, टाळीत असतो. आपण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर टाळी देतो. इथे चार ठोक्यांच्या आवर्तनात, म्हणजे बारमध्ये, स्नेअर (ड्रममधला कडक ठोका) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. पहिल्यावर टाळी दिलीत तर सगळं उलटं चालल्यासारखं वाटतं. आधी दोन मिनिटं फक्त २ आणि ४ वर बोट आपटा. मग यमक कुठे पडतंय ते बघा: बारच्या शेवटी, की मुद्दाम अर्धा ठोका आधी?

पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवू नका, नाहीतर डोळे कानाच्या पुढे पळतात. दुसऱ्यांदा ठेवा. आणि अल्बमच्या दोन आवृत्त्या असतात तिथे ‘क्लीन’ निवडू नका. शिवी गाळल्यावर तिथे भोक पडतं आणि ओळीचं वजन मोडतं. घरात मोठ्याने लावायचं नसेल तर हेडफोन घाला, पण मूळच ऐका.

रॅपर टायलर द क्रिएटरचा ‘क्रोमाकोपिया’ हा यासाठी चांगला सराव आहे. १४ गाणी आहेत, आणि मधूनमधून त्याची आई बोलते. त्या बोलण्याला मध्यंतर समजून पुढे ढकलू नका, पुढच्या गाण्याचा विषय तीच मांडून देते. (नवे अल्बम २०१५ पासून शुक्रवारी येतात. हा त्याने हट्टाने सोमवारी आणला, लोकांनी आठवड्याची सुरुवात करता करता ऐकावा म्हणून.)

क्रमवार

पॉपवाल्यांसाठी तीन सेटिंग: शफल (गाणी उलटसुलट क्रमाने) बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना पुढचं त्यावर चढवणं) शून्य, गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू. क्रॉसफेड ५ सेकंदांवर राहिला की बिली आयलिशच्या ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ची वाट लागते. त्यातलं नववं गाणं संपता संपता दहाव्याची धून हळूच आत येते, आणि क्रॉसफेड नेमकी तीच जागा पुसून टाकतो. दहाच गाणी, ४४ मिनिटांच्या आत. काही गाणी अर्ध्यावर पूर्ण कूस बदलतात, तेव्हा मुखडा ऐकून पुढे जाणाऱ्याला हा अल्बम मिळतच नाही. माझ्या मते त्या वर्षीच्या पॉपमध्ये सर्वांत नीट बांधलेला हाच.

सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं सेटिंग चालू राहू द्या, फक्त ‘लाउड’ पर्याय नको, तो मऊ आणि मोठ्या जागांमधला फरक दाबून टाकतो. स्पॉटिफाय अल्बम सलग वाजवताना अख्ख्या अल्बमला मिळून एकच माप लावतं, म्हणून हळू गाणं हळूच राहतं. शफलमध्ये प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि कुजबूजही ओरडण्याएवढी होते.

डीलक्स, म्हणजे जादा गाणी जोडलेल्या आवृत्तीपासूनही जपा. चार्ली एक्ससीएक्सच्या ‘ब्रॅट’मध्ये मूळ १५ गाणी. शेवटचं ‘३६५’ हे पहिल्या ‘३६०’चंच अंगात आलेलं रूप आहे, वर्तुळ तिथे पुरं होतं. डीलक्समध्ये त्यापुढे तीन गाणी जोडलीत. गाणी चांगली आहेत, पण पहिल्या ऐकण्यात नकोत. टेलर स्विफ्टचा एप्रिलमधला अल्बम तर १६ गाण्यांचा आला आणि दोन तासांत ३१ चा झाला. पहिल्या १६ वर थांबा. पुढची १५ दुसऱ्या दिवशी ऐका, त्यांतली शांत गाणी एका बैठकीत एकमेकांत मिसळून जातात.

सहातारी

रॉककडे कुणी वळलंच नाही! ‘द क्युअर’ या बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १६ वर्षांनी आला, फक्त ८ गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटून जाईपर्यंत गायक रॉबर्ट स्मिथ तोंडच उघडत नाही. शेवटचं गाणं दहा मिनिटांच्या वर, आणि त्यात निम्मं गाणं सरून गेल्यावर शब्द येतात. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजलं जातं, म्हणून आजकाल गळा लवकर आणण्याची घाई असते. हा अल्बम त्या घाईला भीक घालत नाही. ज्यांना ख्यालातली आलापी ऐकायची सवय आहे त्यांना तो जड जाणार नाही. भावाच्या मृत्यूवरचं गाणं मात्र चालता चालता ऐकू नका, बसून ऐका.

व्हॅम्पायर वीकेंड या बँडच्या ‘ओन्ली गॉड वॉज अबव्ह अस’मध्ये गिटार आणि ड्रम फाटलेले ऐकू येतात. स्पीकर गेला असं समजून दुकान गाठू नका. त्याच पातळीवर ओळखीचं स्वच्छ गाणं लावा. ते नीट वाजलं तर ती फाट ध्वनिमुद्रणातलीच, मुद्दाम ठेवलेली. मला ती आवडते, सुरेल चालींना तिने खरखरीत कड येते.

फाँटेन्स डी.सी. या बँडचा ‘रोमान्स’ही घ्या. एका गाण्यात पुन्हा पुन्हा जोरात ओढलेला श्वास आहे, घाबरण्याच्या झटक्यातला. तो तालाला धरून येतो.

काटकसर

डेटा जपणाऱ्यांसाठी: ३२० केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) मिनिटाला २.४ एमबी जातात. म्हणजे ‘जीएनएक्स’ १०० एमबीच्या थोडा वर, १६० ला त्याच्या निम्मा. डाउनलोडचा दर्जा स्ट्रीमिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठरवावा लागतो. तो खालचा राहिला की वायफायवर उतरवलेला अल्बमही पातळ वाजतो. सेटिंग बदलल्यावर जुना डाउनलोड काढून पुन्हा उतरवा.

बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ २७ तुकड्यांचा आणि सव्वा तासाच्या वर आहे. तबकडी घेणार असाल तर मागच्या बाजूची यादी मोजून घ्या, सुरुवातीच्या प्रतींमध्ये काही गाणी नव्हतीच.