मदत हवी आहे: भुयारी मेट्रोत बंद जागेची भीती, मुंबई मेट्रो ३ साठी सराव

भावाला आरे ते कफ परेड रोज जायचंय. २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली, त्यामुळे टाळणं शक्य नाही. सराव टप्प्याटप्प्याने ठरवलाय: आधी गाडीत न चढता फलाटावर २० मिनिटं, मग गिरगाव ते काळबादेवी एकच स्थानक, मग दोन, मग पाच.

भीतीला ० ते १० गुण द्यायचे आणि ८ ची ४ होईपर्यंत त्या टप्प्यातून निघायचं नाही. एका स्थानकाच्या प्रवासात भीती तेवढी कमी होत नाही, म्हणून तीच फेरी लागोपाठ करायची. भीती शिगेला असताना उतरलं की सुटका उतरण्यामुळेच झाली असं मन धरून बसतं आणि पुढची फेरी जड जाते. श्वास ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, नाकाने आणि हलका. घाबरून भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं; माणसाला वाटतं हवाच संपली. हे त्याला आधीच समजावलंय.

आता रोज जाणाऱ्यांनी कृपया सांगा:
दादर ते बीकेसी पट्ट्यात गर्दी कोणत्या वेळी कमी असते? गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर घोषणा लगेच होते का? त्याला सगळ्यात धास्ती त्याचीच आहे. डब्यात मोबाइलला रेंज मिळते का?

मुंबईत असा सराव सोबत येऊन करून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ माहीत असतील तर तेही कळवा. नुसत्या गोळ्या नकोत.